वाऱ्याचा डोळा

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी
अकरा दप्तरांतून अकरा घरी एक पत्र गेलं :
या सत्रात मुलं व्हायकिंग शिकतील.
खाली फूबिस्टर बाईंची सही, आणि चहाच्या कपाचा
एक गोल डाग, झेरॉक्समध्ये अकरा वेळा उमटलेला.

पत्रात होतं :
मुलं समुद्रावरचे रस्ते आखतील,
सोळा अक्षरांत आपापलं नाव बसवतील,
लोकर कातून बघतील, भाकरी थापतील
आणि, हे जाड ठशात,
शिरस्त्राणाला शिंगं नव्हती हे समजून घेतील.

शिंगं गेली म्हणून अर्लेंड दोन दिवस रुसला.
नाताळात आणलेलं त्याचं प्लास्टिकचं
घरी खुंटीला तसंच.
बाई म्हणाल्या, शिंगं नव्हती, पण कंगवे होते.
हाडाचे, बारीक दातांचे. कंगव्यालासुद्धा म्यान.
म्हणजे लुटायला निघालेला माणूस
आधी भांग पाडायचा?
वर्ग हसला. टॅम मात्र दुसऱ्या दिवशी
पाणी लावून केस चापून आला
आणि दिवसभर कुणाशी भांडला नाही.

ऑर्कनीतलं हे बेट नकाशावर
पेन्सिलीचं टोक तुटून पडावं तेवढं.
नवाला उजाडतं, साडेतीनला मावळतं.
तेवढ्या उजेडात अक्षरं कोरायची :
उभी रेघ, तिरपी रेघ,
आडवी एकही नाही.
आडवी रेघ लाकडाच्या रेषांत हरवते.
गोलाई नाही, वेलांटी नाही,
शिरोरेघ तर नाहीच नाही,
डोक्यावर छप्पर नसलेली उघडी अक्षरं.
बोग्नाला तिच्या नावातला ग सापडेना.
बाई म्हणाल्या, क वर भागव. तेही भागवायचे.

मग तो धडा आला.
होड्या, किनारा, मठ, आग.
बोग्नाने हात वर केला. तिचे बाबा
सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला, दोन वर्षांपूर्वी
ग्डिनियाहून आलेले.
बाई, यात आपण कोण?
होडीतले, की किनाऱ्यावरचे?

पत्रात हे नव्हतं.
फूबिस्टरमधलं बिस्टर म्हणजे शेतवाडी,
होडीतून उतरलेल्यांचा शब्द.
पण त्याआधी ते शेत कोणाचं होतं
हे आडनाव सांगत नाही.
रेडिएटर टकटक करत राहिला.
माझे बाबा होडीतले, अर्लेंड ओरडला,
खेकड्यांचे सापळे आहेत त्यांचे, दोनशे!
कर्स्टी हळूच म्हणाली,
माझी आई किनाऱ्यावरची. ती वाट बघते.

मार्चमध्ये जहाज झालं.
फ्रीजच्या खोक्यांचं, अकरा ढालींचं,
नाळेवर ड्रॅगन, थोडा मेंढीसारखा.
या मुलांनी मेंढ्याच जास्त पाहिल्यात.
आणि मग कळलं, ते दारातून जात नाही.
बाईंनी मोजलं. मुलांनी मोजलं.
मोजून ते अरुंद झालं नाही.
तेव्हा शाळेचे शिपाई ड्रेव्हरकाका
स्क्रूड्रायव्हर घेऊन आले
आणि त्यांनी खिडकीच काढली, चौकटीसकट.

विंडो हा शब्दही त्यांचाच,
बाई वाऱ्यात ओरडून सांगत होत्या,
वाऱ्याचा डोळा!
आपण म्हणतो गवाक्ष, गाईचा.
अंगणात जे वावरतं
ते भिंतीतून डोकावतं.

त्या डोळ्यातून जहाज बाहेर पडलं
आणि कुणी चढायच्या आतच निघालं.
कुरणातून, काटेरी तारेवरून, समुद्राकडे,
मागे अकरा मुलं
आणि बूट हातात घेतलेल्या बाई.
दोन ढाली आठवड्याने
कर्स्टीच्या कुंपणात सापडल्या.
प्रगतिपुस्तकात सगळ्यांना सारखाच शेरा :
मापन, अजून सराव हवा.

काच ईस्टरनंतर आली.
तोवर तिथे प्लास्टिकचा कागद,
पापणीसारखा फुगायचा, मिटायचा.
त्याच्याशेजारी चौकटीवर कुणीतरी
पाच अक्षरं कोरली, उभ्या-तिरप्या रेघांची.
ड्रेव्हरकाकांनी ती पाहिली. वाचता आली नाहीत.
रंग देताना
त्यांनी वीतभर लाकूड तसंच सोडलं.
तिथे अजून आहे :
बोक्ना, क वर भागवलेली.